वाचक विचारतात : पाच देशांची एक कलासंस्था

गेल्या अंकात ‘नॉर्डिक इन्स्टिट्यूट फॉर कंटेम्पररी आर्ट’ या संस्थेविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी मिळून १९९७ साली ही संस्था हेलसिंकीत उभी केली, समकालीन दृश्यकलेला देशांच्या हद्दी ओलांडून पाठबळ देणे हे तिचे ध्येय होते आणि २००६च्या अखेरीस ती बंद झाली, इतकीच माहिती त्यात होती. टिपण छोटे असले तरी त्यावर आलेली पत्रे मोठी आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

‘पाठबळ’ हा शब्द आपण सहज वापरला आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून विचारते. पाठबळ म्हणजे नेमके काय? चित्रे विकत घेणे, पारितोषिके देणे की प्रदर्शने भरवणे? — एक कलाशिक्षिका

आपण दिलेल्या तीन पर्यायांपैकी पहिले दोन नव्हेत, आणि तिसराही अर्धाच. ही संस्था म्हणजे संग्रहालय नव्हते. चित्रे विकत घेऊन त्यांची निगा राखण्याचे काम पाचही देशांतली मोठी संग्रहालये करतच होती. संस्थेने हाती घेतले ते कलाकृती घडण्याआधीचे आणि घडून गेल्यानंतरचे काम. आधीचे म्हणजे कलावंताला परक्या देशात काही काळ राहायला खोली, काम करायला स्टुडिओ आणि रोजचा खर्च भागेल अशी तजवीज करून देणे, ज्याला कलाक्षेत्रात सगळेच ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. नंतरचे म्हणजे तयार झालेले काम दुसऱ्या देशातल्या क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनासाठी कलाकृती निवडणाऱ्या आणि मांडणाऱ्या जाणत्याने, येऊन पाहावे, त्यावर एखाद्या जाणकाराने लिहावे आणि ते लिखाण तिसऱ्या देशातल्या वाचकाच्या हाती पडावे, यासाठीची खटपट. प्रदर्शनेही होत, पण इतर संग्रहालयांच्या आणि कलाकेंद्रांच्या भागीदारीत होत. २००५ सालचे ‘पॉप्युलिझम’ हे प्रदर्शन व्हिल्निअस, ऑस्लो, अ‍ॅमस्टरडॅम आणि फ्रँकफर्ट अशा चार शहरांत मांडले गेले. या चारांतले नॉर्डिक शहर एकटे ऑस्लो आहे, यावरून संस्थेने आपले कुंपण पाच देशांभोवतीच घातले नव्हते हे दिसते.

संस्थेची जागाही समजून घेण्यासारखी आहे. हेलसिंकीच्या बंदरावरच्या बाजारचौकातून फेरीबोट निघते आणि पंधरा मिनिटांत सुओमेनलिना या बेटांवरच्या किल्ल्याला लागते. स्वीडनच्या राजवटीत १७४८ साली या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले, १८०८ साली तो रशियाच्या ताब्यात गेला, फिनलंड स्वतंत्र झाल्यावर १९१८ साली फिनिश झाला, आणि १९७३ साली लष्कराकडून मुलकी प्रशासनाकडे आला. तेव्हा मोकळ्या झालेल्या इमारतींमध्ये १९७८ साली नॉर्डिक देशांचे पहिले सामायिक कलाकेंद्र आले, आणि १९९७ची संस्था त्याच केंद्राची वारस होती. सरहद्द राखण्यासाठी उभारलेल्या तटबंदीच्या आत सरहद्द ओलांडून आलेल्या चित्रकारांनी राहावे, हा योग कुणी मुद्दाम जुळवून आणला असेल असे वाटत नाही. जागा रिकामी होती, एवढेच कारण पुरेसे असावे.

अशा जागी कलावंताला काय मिळते, असे आपले विद्यार्थी विचारतील, तर उजेडाचे उदाहरण द्यावे. हेलसिंकीत डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि जूनमध्ये तो एकोणीस तासांच्या आसपास जातो. दक्षिणेकडून आलेला चित्रकार डिसेंबरात तिथे पोचला तर दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतला उजेड मावळतो आणि पॅलेटवरचे सगळे रंग दिव्याखाली वेगळेच दिसू लागतात. पहिला आठवडा वैतागात जातो. त्यानंतर तो एकतर दिव्याखाली चालेल असे काम शोधतो किंवा अंधारालाच विषय करतो. घरी बसून हे झाले नसते, आणि या दोन महिन्यांतून शेवटी एकही चित्र हाती लागले नाही तरी त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही. माझ्या मते पाठबळाचा खरा अर्थ या शेवटच्या वाक्यात आहे, आणि खर्चाचा हिशेब तपासणाऱ्यांना पटवून द्यायला अवघड जाते तेही हेच.

हे पाच देश तर एकमेकांचे सख्खे शेजारी. लोक पासपोर्टशिवाय ये-जा करतात असे वाचले आहे. मग सीमा ओलांडण्यासाठी वेगळी संस्था कशाला हवी होती? — बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक

आपण वाचले ते बरोबर आहे. नॉर्डिक नागरिकांनी एकमेकांच्या देशांत पासपोर्ट न दाखवता जावे ही व्यवस्था १९५०च्या दशकातच सुरू झाली, म्हणजे पश्चिम युरोपात तसे काही होण्याच्या कितीतरी आधी. पण ती सवलत माणसांना आहे, लाकडी पेट्यांना नाही.

डेन्मार्क १९७३ साली युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, गेला, फिनलंड आणि स्वीडन १९९५ साली युरोपीय संघात गेले. नॉर्वेच्या मतदारांनी मात्र १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत नकार दिला, आणि आइसलंडही बाहेरच राहिला. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असूनही १९८५ साली समुदायातून बाहेर पडला, फेरो बेटे मुळात कधी आत गेलीच नाहीत, आणि फिनलंडची ओलांड बेटे जकातीच्या दृष्टीने आत असली तरी मूल्यवर्धित कराच्या दृष्टीने बाहेर आहेत. आपण बँकेत होता, त्यामुळे यातली गुंतागुंत आपल्याला जास्त सांगायला नको. स्टॉकहोमहून ऑस्लोला निघालेली कलावंत रस्त्याने सरळ पुढे जाते. तिच्या कलाकृतींची पेटी मात्र स्वीडनच्या हद्दीवर युरोपीय संघाबाहेर पडते आणि तिला कागद लागतात.

हा कागद बहुतेक वेळा ‘एटीए कार्नेट’ या नावाचा असतो. १९६१ सालच्या ब्रुसेल्स कराराने तो आला. प्रदर्शनासाठी तात्पुरता नेलेला माल परत येणारच आहे, तेव्हा त्यावर जकात घेऊ नये, आणि तो परत आला नाही तर व्यापारी महासंघाने हमी म्हणून पैसे भरावेत, असा त्याचा मतलब. हिरव्या मुखपृष्ठाच्या आत निघण्याच्या देशासाठी पिवळी पाने, पोचण्याच्या देशासाठी पांढरी आणि वाटेतल्या देशासाठी निळी पाने असतात. प्रत्येक टप्प्यावर शिक्का मारून पानाचा एक भाग फाडून घेतला जातो. आत एक यादी असते : अनुक्रम, वर्णन, नग, वजन, किंमत, मूळ देश. मुदत एक वर्षाची, आणि एकदा कार्नेट हाती आले की यादीत नवीन वस्तू घालता येत नाही.

आता या यादीत समकालीन कलावंताचे काम बसवून पाहा. चौदा जुन्या खुर्च्या, बारा मीटर दोर आणि एक प्रोजेक्टर असे मांडणीशिल्प असेल, तर ‘वर्णन’ या रकान्यात काय लिहायचे? खुर्च्या लिहिल्या तर त्यांची किंमत भंगाराची, कलाकृती लिहिले तर अधिकारी पेटी उघडून खुर्च्याच पाहतो. हा प्रश्न काल्पनिक नाही. ब्रांकुशी यांचे ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्राँझचे शिल्प १९२६ साली न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या वर्गात घालून त्यावर ४० टक्के कर लावला होता, आणि ती कलाकृतीच आहे असा निकाल मिळायला १९२८ साल उजाडले. तो जमाना गेला असे म्हणावे, तर २०१० साली युरोपीय आयोगाने डॅन फ्लॅव्हिन यांच्या ट्यूबलाइटच्या कलाकृतीला दिव्याच्या सामानात टाकले.

याहून नाजूक अडचण रेसिडेन्सीची आहे. कार्नेटचे गृहीतक असे की जे गेले तेच परत येईल. चित्रकार मात्र कोरा कॅनव्हास आणि रंगाच्या ट्यूब घेऊन जातो, आणि ट्यूब रिकाम्या करून चित्र घेऊन परततो. कागदाच्या हिशेबात गेलेली वस्तू नाहीशी झाली आणि न गेलेली वस्तू परत आली. अशा वेळी हद्दीच्या दोन्ही बाजूंचे नियम ठाऊक असलेला, कुणाला फोन करायचा हे माहीत असलेला एखादा माणूस लागतो. एकट्या कलावंताने एकदाच करायचे म्हटले तर तो थकून जातो. वर्षभर हेच करणाऱ्या कार्यालयाला ते सरावाचे होऊन जाते. सीमेपलीकडे काम करणाऱ्या कलासंस्थेची पहिली गरज अशी अगदीच रुक्ष आहे, आणि तिच्या ध्येयाच्या मसुद्यात ती सहसा लिहिलेली नसते.

अशा संस्थेचे कामकाज कोणत्या भाषेत चालते? — भाषाशास्त्राची एक विद्यार्थिनी

डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश बोलणारे लोक आपापली भाषा बोलत एकमेकांशी बऱ्यापैकी संवाद करू शकतात, त्यामुळे नॉर्डिक सहकार्याच्या जुन्या संस्थांचा कारभार याच तीन भाषांत वाढला. आइसलँडिक त्याच कुळातली असली तरी इतरांना ऐकून कळत नाही. फिनिश आणि उत्तरेकडच्या सामी आदिवासींच्या भाषा वेगळ्याच कुळातल्या, आणि ग्रीनलँडिक त्याहून तिसरीकडची. फिनलंडमध्ये बसून स्वीडिशमध्ये ‘आपण सगळे एक’ असे म्हणण्यात किती जणांना बाहेर ठेवले जाते, हे यावरून आपल्याला कळेल. १९७८च्या केंद्राचे नाव स्वीडिश होते, १९९७च्या संस्थेने इंग्रजी नाव घेतले. सगळ्यांनाच परकी असलेली भाषा कधी कधी सगळ्यांत न्याय्य ठरते. जाता जाता एक गंमत : नॉर्डिक कलेविषयीच्या जुन्या नियतकालिकाचे नाव ‘सिक्सी’ होते, फिनिशमध्ये त्याचा अर्थ ‘म्हणून’, १९९९ साली आलेल्या नव्या नियतकालिकाचे नाव ‘नू’, म्हणजे स्वीडिश आणि डॅनिशमध्ये ‘आता’.

परदेशात गेलेल्या कलावंताकडे त्याच्या देशाचा प्रतिनिधी म्हणूनच पाहिले जाते. खेळाडूंप्रमाणे. सीमेपलीकडची संस्था यात काही बदल करू शकते का? — मूर्तिकलेचे एक अभ्यासक

मला विचाराल तर अशा संस्थेचे सगळ्यांत मोलाचे काम हेच आहे. देशाचे परराष्ट्र खाते किंवा सांस्कृतिक मंडळ कलावंताला पाठवते तेव्हा, कुणी तोंडाने म्हणो वा न म्हणो, त्याने देशाचे नाव काढावे अशी अपेक्षा असते. पाच देशांच्या तिजोरीतून पैसे घेणाऱ्या संस्थेला कुणा एकाचे नाव काढता येत नाही, आणि या अडचणीतूनच कलावंताला मोकळीक मिळते.

व्हेनिसच्या बिएनालेचे, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचे, उदाहरण घेऊ. तिथे देशोदेशींची स्वतंत्र दालने आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर देशाचे नाव आहे. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी मात्र तिघांत एकच दालन बांधले. नॉर्वेचे वास्तुशिल्पी स्वेर्रे फेन यांनी रचलेली ही इमारत १९६२ साली पुरी झाली. तिचे छत म्हणजे काँक्रीटच्या पातळ, खोल पट्ट्यांचे एकावर एक आडवे-उभे दोन थर आहेत. त्यांतून व्हेनिसचे ऊन गाळून आत येते आणि उत्तरेकडच्या उजेडासारखे सावली न पाडणारे होते. जागेवर झाडे होती. ती तोडली नाहीत. छतात जागा सोडली, आणि बुंधे दालनाच्या आतून वर गेले. तीन देशांची मालकी असलेल्या खोलीत मधोमध झाड उभे असेल, तर कुठल्या देशाचा कोपरा कुठे संपतो हे आखणे तसेही अवघड होते.

कागदोपत्री मात्र आखणी होतच राहिली, कधी तिघांचे कलावंत एकत्र, कधी आळीपाळीने. ती मोडण्याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. २००९ साली मायकल एल्मग्रीन आणि इंगार ड्रागसेट, म्हणजे एक डेन्मार्कचा आणि एक नॉर्वेचा, या जोडीने नॉर्डिक दालन आणि शेजारचे डॅनिश दालन अशी दोन्ही एकदम घेतली आणि ती दोन शेजारी राहणाऱ्या श्रीमंत संग्राहकांची घरे असल्यासारखी सजवली. दोन देशांच्या दालनांचे एकच काम झाले.

दुसरे उदाहरण याहून खोलवर जाते. २०२२ साली नॉर्डिक दालनाचे नावच बदलून ‘सामी दालन’ करण्यात आले आणि पाउलीना फेओदोरोफ, मारेत आन्ने सारा आणि आन्देर्श सुन्ना या तिघा सामी कलावंतांना ते देण्यात आले. सामी लोकांचा प्रदेश, सापमी, हा नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विभागलेला आहे. त्यांच्या बाबतीत हद्द ओलांडून गेली ती माणसे नव्हेत, माणसांच्या अंगणातून हद्द गेली. १७५१ साली डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी आपली सीमा आखली तेव्हा करारासोबत एक पुरवणी जोडून सामी लोकांना रेनडिअरचे कळप घेऊन दोन्ही बाजूंना जाण्याचा हक्क कबूल करावा लागला होता. सारा यांचे त्याआधीचे काम पाहिले तर या प्रश्नाचा पीळ समजतो. त्यांच्या भावाला सरकारने आपला रेनडिअरचा कळप कमी करायला सांगितले, तो न्यायालयात गेला, आणि २०१७ साली सारा यांनी ऑस्लोत नॉर्वेच्या संसदेसमोर ४०० रेनडिअर कवट्यांचा पडदा टांगला. प्रत्येक कवटीच्या कपाळावर गोळीचे भोक होते. पुढे तो पडदा नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतला. ही कलावंत कोणत्या देशाची प्रतिनिधी म्हणायची? ज्या देशाचा पासपोर्ट तिच्याकडे आहे, त्याच्याविरुद्धच तिचे म्हणणे आहे.

सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारला अडचणीचे प्रश्न विचारू शकते, हे पटत नाही. अनुभव काय सांगतो? — एक पत्रलेखक

अनुभव थोडा आपल्या बाजूने आहे आणि थोडा नाही. ही संस्था नॉर्डिक मंत्रिपरिषदेच्या पैशावर चालत होती. ही परिषद १९७१ साली स्थापन झालेली, पाच सरकारांची सहकार्याची यंत्रणा आहे. तिला नॉर्डिक देश म्हणजे समता, शांतता आणि सुबत्ता ही प्रतिमा प्रिय असणार हे उघड आहे. असे असताना २००६ साली, म्हणजे आपल्या शेवटच्या वर्षात, संस्थेने ‘रीथिंकिंग नॉर्डिक कलोनियलिझम’ नावाचा प्रकल्प घेतला. नॉर्डिक देशांनी वसाहती केल्या होत्या आणि ते त्या विसरून गेले आहेत, हा त्याचा विषय.

विसरण्याजोगे खरेच बरेच होते. डेन्मार्कने १६२० साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला ठाणे वसवले आणि १८४५ साली ते इंग्रजांना विकले. कॅरिबियन समुद्रातली आपली बेटे १९१७ साली अमेरिकेला विकली. ग्रीनलंड, फेरो, आइसलंड आणि सामी प्रदेश यांचा इतिहास तर घरातलाच. प्रकल्पाची रचना नाटकासारखी पाच अंकांची होती आणि त्यातले पहिले चार अंक राजधानीच्या मोठ्या संग्रहालयांत भरवण्याऐवजी ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच गावी नेले गेले : आइसलंडमध्ये रेक्याविक, ग्रीनलंडमध्ये नूक, फेरो बेटांवर तोशहाव्न आणि फिनलंडच्या उत्तरेला रोव्हानिएमी. प्रदर्शनांबरोबर चर्चा आणि चित्रपटही होते. कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो आणि हेलसिंकी या राजधान्यांची पाळी शेवटच्या अंकात, चित्रफितींच्या रूपाने आली.

नकाशा उघडून हा क्रम एकदा बोटाने फिरवून पाहा. एखाद्या देशाच्या राष्ट्रीय मंडळाने हा दौरा आखला असता का? डॅनिश मंडळाने नूकला प्रदर्शन नेले असते, पण ते ‘आमच्या कलावंतांचे’ म्हणून नेले असते. विषय पाचही घरांचा असल्यामुळे तो मांडायला कुणा एका घराच्या बाहेरची ओसरी लागते, आणि ती या संस्थेने दिली. सरकारी पैशातूनच. एवढे आपल्या शंकेच्या विरुद्ध जाते. प्रकल्प झाला त्याच वर्षाच्या अखेरीस संस्था बंद झाली हे आपल्याला आपल्या बाजूचे वाटेल, पण बंद करण्याचा निर्णय त्याआधीच झालेला होता, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडू नये.

मग बंद का केली? — वरील विषयावरच आलेले आणखी एक पत्र

मंत्रिपरिषदेने संस्कृतिक्षेत्रातल्या आपल्या अनेक संस्था आणि समित्या एकदम गुंडाळल्या आणि त्यांच्या जागी अनुदानाचे कार्यक्रम आणले. त्यांचा कारभार २००७ सालापासून ‘कुल्तुरकॉन्ताक्त नॉर्द’ हे कार्यालय पाहू लागले. सुरुवातीला हे कार्यालय त्याच सुओमेनलिना बेटावर होते. पूर्वी संस्था स्वतः ठरवत असे की काय करायचे. आता कलावंत अर्ज करतात, तज्ज्ञ ते वाचतात आणि प्रवासाला, थोड्या दिवसांच्या मुक्कामाला किंवा सामायिक प्रकल्पाला पैसे दिले जातात. पुढे एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियाही फिरतीच्या अनुदानात सामील झाले, ही चांगलीच गोष्ट झाली.

या बदलामागे आणखी एक कारण दिसते. फिनलंडने १९९२ साली ‘फ्रेम’, स्वीडनने १९९६ साली ‘इआस्पिस’ आणि नॉर्वेने २००१ साली ‘ओसीए’ अशा आपापल्या कलावंतांना बाहेर नेणाऱ्या संस्था काढल्या होत्या. १९९८ साली पॅरिसच्या नगर-संग्रहालयात ‘न्वी ब्लांश’ हे नॉर्डिक कलेचे मोठे प्रदर्शन झाले आणि ‘नॉर्डिक चमत्कार’ हा शब्दप्रयोग युरोपभर फिरू लागला. चमत्कारात आपला वाटा किती, हे दाखवण्याची चढाओढ त्यानंतर स्वाभाविक होती. सामायिक संस्थेला श्रेय कुणी द्यायचे?

अनुदानाची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ती अधिक लोकांपर्यंत पोचते आणि तिचा हिशेब चोख असतो. पण अर्जांतून तेच येते जे कुणाला आधीच सुचलेले आहे. पाच अंकांचा तो दौरा अर्जाच्या रकान्यांत बसला असता का, याची मला शंका आहे. शिवाय प्रकल्पासाठी पैसे मिळतात तेव्हा प्रकल्प संपला की माणसेही पांगतात, आणि हद्दीवरच्या कुठल्या अधिकाऱ्याला फोन करायचा हे ज्ञान पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागते.

असे प्रयत्न जगात इतरत्र कुठे झाले आहेत का? जिथे शेजारी इतके समजूतदार नाहीत, तिथे? — एक वाचक

झाले आहेत. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या हद्दीवर सान डिएगो आणि तिहुआना या जोडशहरांत १९९२ सालापासून ‘इनसाइट’ हा उपक्रम चालला. त्यात १९९७ साली तिहुआनाचे कलावंत मार्कोस रामिरेस यांनी सान इसिद्रोच्या तपासणी नाक्यावर सुमारे दहा मीटर उंचीचा लाकडी घोडा उभा केला. घोड्याला डोकी दोन होती; एक अमेरिकेकडे पाहणारे आणि एक मेक्सिकोकडे. ट्रॉयच्या कथेतल्या घोड्याच्या पोटात सैनिक लपलेले होते. हा घोडा पट्ट्या-पट्ट्यांचा, आरपार दिसणारा होता आणि आत कुणीच नव्हते. गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास बसलेल्या लोकांनी तो पाहिला, कलादालनाची पायरी न चढता.

दुसरे उदाहरण अपयशाचे आहे. ‘मानिफेस्ता’ हा युरोपभर फिरणारा द्वैवार्षिक कलामेळा २००६ साली सायप्रसची विभागलेली राजधानी निकोसिया येथे व्हायचा होता. संयोजकांनी प्रदर्शनाऐवजी काही महिन्यांची कलाशाळा योजली. शाळेचा एक विभाग शहराच्या उत्तरेकडच्या, तुर्की सायप्रसी भागात ठेवायचा की नाही यावरून स्थानिक यजमानांशी मतभेद झाला आणि आयोजनच रद्द झाले. म्हणजे कलेला दोन्ही बाजूंना जाऊ देण्याची तयारी नव्हती, असे नाही. विद्यार्थी रोज सकाळी हद्द ओलांडून वर्गात जाणार, ही कल्पना यजमानांना झेपली नाही. संयोजकांपैकी अँटन विडोकल यांनी नंतर ती शाळा बर्लिनमध्ये वेगळ्या नावाने चालवली.

मी नुकतीच चित्रकलेची पदवी घेतली आहे. अशा रेसिडेन्सीसाठी अर्ज करताना काय लक्षात ठेवावे? — एक तरुण चित्रकार

आपण ज्या संस्थेविषयी वाचले ती आता नाही, पण तिच्याच बेटावर ‘हेलसिंकी इंटरनॅशनल आर्टिस्ट प्रोग्रॅम’ ही १९९८ साली सुरू झालेली संस्था जगभरच्या कलावंतांना बोलावते, आणि अशा संस्था अनेक देशांत आहेत.

निवड करणारे परीक्षक एका बैठकीत कितीतरी अर्ज पाहतात. ते आधी प्रतिमा पाहतात आणि मग मजकुराकडे वळतात, तेव्हा थोड्या पण स्वच्छ प्रतिमा पाठवा आणि प्रत्येकीखाली शीर्षक, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये आणि साल लिहा. आकार लिहिला नाही तर टपाल तिकिटाएवढे चित्र आणि भिंतीएवढे चित्र पडद्यावर सारखेच दिसते. निवेदनात आपण थोर कलावंतांचे ऋण मानता हे लिहू नका. हेच काम त्याच जागी का करायचे आहे, घरी का होत नाही, हे चार साध्या वाक्यांत लिहा. ‘तिथल्या संस्कृतीचा अभ्यास करायचा आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असते आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

निवड झाल्याचे पत्र आले की आनंदाच्या भरात लगेच होकार कळवण्याआधी त्याच उत्तरात तीन गोष्टी विचारून घ्या : स्टुडिओत तैलरंग आणि टर्पेंटाइन वापरू देतात का, राहण्याचा खर्च धरला आहे तसा साहित्याचा धरला आहे का, आणि तिथे तयार झालेली चित्रे परत पाठवण्याचा खर्च व जकातीचे कागद कोण पाहणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर चित्रे चौकटीवर न ताणता कॅनव्हासची गुंडाळी करून आणता येतील अशाच आकाराची काढा, आणि निघताना रंगाच्या ट्यूबांची यादी स्वतःपाशी जपून ठेवा.